गवताचं भाडं

अमेरिकेत दरवर्षी ऑक्टोबर उजाडला, की काही लाख शेतकऱ्यांच्या खात्यावर सरकारकडून भाडं जमा होतं. शेत न पेरल्याचं भाडं. जमीन शेतकऱ्याचीच असते, कुंपण त्याचंच, जमिनीवरचा करही तोच भरतो. सरकारला तिथून रस्ता न्यायचा नसतो की कालवा काढायचा नसतो. त्या जमिनीवर गवत उभं राहावं आणि दहा ते पंधरा वर्षं तिला नांगर लागू नये, एवढीच अट. योजनेचं नाव 'कन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम'. शेतकरी तीन अक्षरांत काम भागवतात: सीआरपी. 'तो पलीकडचा तुकडा सीआरपीत आहे' असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला भाव, मुदत, अटी सगळं उमगतं.

२००७ साली ही योजना ऐन भरात होती, तेव्हा तिच्यात ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या जवळजवळ निम्मी! एवढी जमीन सरकारनं विकत घेतली नाही, संपादित केली नाही, कोणाला नोटीसही बजावली नाही. शेतकरी आपल्या पायांनी कचेरीत आले आणि सही करून गेले.

न पेरण्याचे पैसे ही कल्पना ऐकून आपल्याला हसू येतं, तसं अमेरिकनांनाही येतं. जोसेफ हेलरच्या १९६१ सालच्या 'कॅच-२२' या कादंबरीतल्या मेजर मेजर नावाच्या पात्राचा बाप अल्फाल्फा हे चाऱ्याचं पीक न पिकवण्यात तरबेज असतो. न पिकवल्याचे पैसे येतात, त्यातून तो आणखी जमीन घेतो आणि त्या जमिनीतही अल्फाल्फा पिकवत नाही. ही टवाळी सीआरपीच्या चोवीस वर्षं आधीची, म्हणजे रोख आणखी जुन्या योजनांवर होता. ती वाचून हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच: सरकार नेमके कशाचे पैसे देतं? मातीचे, पाखरांचे, की बाजारातला गहू कमी व्हावा म्हणून? माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली याच प्रश्नात आहे, आणि त्याचं उत्तर नव्वद वर्षांत कधीच एक नव्हतं.

सुरुवात अर्थातच धुळीपासून. पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला, तेव्हा कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो या भागांतली हजारो वर्षांची गवताळ जमीन ट्रॅक्टरखाली आली. युद्ध संपलं, भाव कोसळले. पडलेल्या भावात घर चालवायचं म्हणून शेतकऱ्यांनी आणखी जमीन फोडली. मग तीसच्या दशकात पावसानं पाठ फिरवली. मुळांनी धरून ठेवलेली माती मोकळी झालीच होती, ती वाऱ्यानं उचलली. १४ एप्रिल १९३५ या दिवसाला तिथले लोक आजही 'ब्लॅक संडे' म्हणतात. त्या दुपारी धुळीची भिंत चालून आली आणि भरदिवसा हाताला हात दिसेना.

ह्यू हॅमंड बेनेट हा त्या काळातला मातीचा सर्व्हेअर. जन्म १८८१ चा, नॉर्थ कॅरोलायनामधल्या अ‍ॅन्सन परगण्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. मातीची धूप हे राष्ट्रावरचं संकट आहे, हे तो १९२८ पासून सरकारी पुस्तिकेतून सांगत होता. कोणी फारसं मनावर घेत नव्हतं. १९३५ च्या वसंतात सिनेटच्या समितीपुढे त्याची साक्ष होती. पश्चिमेकडून धुळीचा एक ढग वॉशिंग्टनच्या दिशेनं सरकतो आहे, ही बातमी त्याला आधीच लागली होती. म्हणून म्हणे त्यानं साक्ष लांबवली, आकडे सांगत राहिला, तक्ते दाखवत राहिला. अखेर खोलीतला उजेड मावळला, सिनेटर उठून खिडकीशी गेले आणि दीड-दोन हजार मैलांवरच्या शेतांची माती राजधानीवरून जाताना त्यांनी पाहिली. इतक्या वर्षांत या गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलेलं असणार. पण २७ एप्रिल १९३५ रोजी मृद्संधारणाचा कायदा एकही विरोधी मत न पडता मंजूर झाला, हे मात्र कागदोपत्री आहे.

पुढचं वळण धुळीइतकं नाट्यमय नसल्यानं बहुतेक लेखक ते गाळतात. १९३३ पासून रूझवेल्ट सरकार भाव सावरण्यासाठी शेतकऱ्यांना पेरा कमी करण्याचे पैसे देत होतं आणि त्यासाठी कापूस, गहू यांवर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांवर कर बसवला होता. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. दोन महिन्यांच्या आत नवा कायदा आला. पैसे तेच, शेतकरी तेच. फक्त आता पैसे पेरा कमी करण्याचे नव्हते, तर माती झिजवणारी पिकं सोडून माती राखणारी पिकं घेण्याचे होते. झिजवणाऱ्या पिकांच्या यादीत गहू, मका, कापूस ही नेमकी बाजारात जास्त झालेली पिकं होती, हा योगायोग नव्हे. मातीचं नाव पुढे, भावाचं राजकारण मागे. या योजनांची ही जन्मकुंडली लक्षात ठेवली, की पुढचे बरेच चढउतार आपोआप कळतात.

बेनेटला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. वॉशिंग्टनचा माणूस शेताच्या बांधावर येऊन 'असं कर' म्हणाला, तर शेतकरी ऐकणार नाही. म्हणून १९३७ मध्ये रूझवेल्टनं सगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांना एका नमुना कायद्याचा मसुदा पाठवला: शेतकऱ्यांनी मिळून आपापल्या भागाचं मृद्संधारण मंडळ स्थापन करावं, आपली माणसं निवडावीत आणि सरकारी तज्ज्ञानं त्या मंडळाच्या बोलावण्यावरून यावं. पहिलं मंडळ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ब्राउन क्रीक' या नावानं उभं राहिलं, तेही बेनेटच्या स्वतःच्या अ‍ॅन्सन परगण्यात. आज देशभरात अशी सुमारे तीन हजार मंडळं आहेत. या रचनेचा गुण उघड आहे. तिचा दोषही तिथलाच. स्थानिक समित्यांच्या हाती मंजुऱ्या गेल्या, की स्थानिक उच्चनीचही त्यांच्याबरोबर आत शिरतं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कृषी खात्याची कर्जं आणि मदत वर्षानुवर्षं डावलली गेली. त्यांचा 'पिगफर्ड' खटला १९९९ मध्ये तडजोडीनं मिटला, पण तोवर त्यांच्यातल्या बहुतेकांची जमीन हातातून गेली होती. गाव ओळखणाऱ्या माणसावर सोपवलेली योजना कोणाच्या गावाची, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

१९५६ मध्ये 'सॉइल बँक' नावानं जमीन विश्रांतीला टाकण्याचा मोठा प्रयोग झाला. सत्तरच्या दशकात सोव्हिएत रशियानं प्रचंड गहू विकत घेतला, भाव चढले, आणि कृषिमंत्री अर्ल बुट्झ यांनी एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत पेरा, असा हाकारा केला. बँकेत ठेवलेली माती पुन्हा नांगरली गेली, वाऱ्याआड लावलेल्या झाडांच्या रांगाही तुटल्या. ऐंशीच्या दशकात भाव पुन्हा आपटले, व्याजदर आकाशाला भिडले, शेतं लिलावात निघाली. १९८५ च्या डिसेंबरात रेगन यांनी सही केलेल्या शेती कायद्यातून सीआरपी जन्माला आली ती या पार्श्वभूमीवर. कोठारं धान्यानं ओसंडत होती, शेतकऱ्याला हुकमी उत्पन्न हवं होतं आणि माती वाहत होती. तिन्ही दुखण्यांवर एकच गोळी. पर्यावरणवाले आणि शेतकरी संघटना एकाच बाकावर बसल्याचं दृश्य अमेरिकेत तेव्हा नवीन होतं.

त्याच कायद्यात गाजराबरोबर छडीही होती. धूप होणारी नवी जमीन फोडली किंवा पाणथळ बुजवून पेरली, तर इतर सरकारी मदत बंद. या कलमांना लोकांनी 'सॉडबस्टर' आणि 'स्वॅम्पबस्टर' अशी रांगडी नावं दिली. छडीची चर्चा कमी होते, पण गाजर एकट्यानं एवढं चाललं असतं असं मला वाटत नाही.

प्रत्यक्षात हे चालतं कसं? समजा, पश्चिम कॅन्ससमध्ये एका शेतकऱ्याकडे १६० एकरांचा एक चौकोनी तुकडा आहे. तिथे याला 'क्वार्टर' म्हणतात, चौरस मैलाचा चौथा हिस्सा. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं वसाहतदाराला मिळायची ती जमीन एवढीच. पाऊस बेताचा, जमीन उताराची. एक वर्ष गहू, एक वर्ष पड, असं चाललेलं. तो परगण्याच्या गावी कृषी खात्याच्या कचेरीत जातो. तिथे सहसा एकाच छपराखाली दोन खाती असतात: एक पैसे आणि करार पाहणारं, दुसरं माती आणि गवत पाहणारं. टेबलावर त्याच्या शेताचा हवाई फोटो येतो, त्यावर हद्दीच्या रेघा आणि प्रत्येक तुकड्याला नंबर. कोणत्या तुकड्याची माती किती धूप होणारी आहे, याची नोंद आधीच झालेली असते.

मग अर्जाला गुण पडतात. पाखरांना किती उपयोग, पाण्याची प्रत किती सुधारेल, धूप किती थांबेल, हवेतली धूळ किती कमी होईल, फायदा करार संपल्यावरही किती टिकेल, आणि सरकारला खर्च किती. शेतकरी ठरलेल्या कमाल दरापेक्षा कमी भाडं मागून खर्चाच्या रकान्यात गुण वाढवू शकतो. म्हणजे हा एक उलटा लिलाव आहे, ज्यात कमी मागणाऱ्याला संधी जास्त. पहिल्या काही वर्षांत हे जमलं नव्हतं. परगण्याचा कमाल दर किती, हे दोन-तीन फेऱ्यांतच शेतकऱ्यांनी ओळखलं आणि सगळे बरोब्बर तोच आकडा लिहू लागले! गुणांची पद्धत त्यानंतर, नव्वदच्या दशकात आली.

अर्ज मंजूर झाला आणि भाडं एकरी ४० डॉलर धरलं, तर आपल्या क्वार्टरवाल्याला वर्षाला ६,४०० डॉलर मिळतील. एका व्यक्तीला वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा आहे. गवत लावण्याचा साधारण निम्मा खर्च सरकार देतं. गवत लावणं हे मात्र वाटतं तितकं सोपं नाही. प्रेअरीची मूळची गवतं, ब्लूस्टेम, ग्रामा, स्विचग्रास, मिसळून पेरायची असतात. त्यातल्या काहींचं बी सावरीच्या कापसासारखं हलकं आणि गुंतणारं असतं. गव्हाच्या पेरणीयंत्रातून ते खाली पडतच नाही. त्यासाठी वेगळी पेटी आणि आत बी ढवळणारी दांडी असलेलं यंत्र लागतं, आणि ते बहुधा मंडळाकडून भाड्यानं मिळतं. बी अर्ध्या इंचाहून खोल गेलं तर उगवत नाही, वर राहिलं तर वारा नेतो. म्हणून आदल्या हंगामात ज्वारी पेरतात, कणसं धरण्याआधी किंवा नंतर ती कापून धसकटं उभी ठेवतात आणि त्या धसकटांच्या आडोशाला गवत पेरतात. ज्वारीच्या धसकटाचा असा उपयोग आपल्याकडच्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला सांगितला, तर तो मान डोलावेल.

पहिल्या वर्षी शेत पाहून माणूस हताश होतो, कारण दिसतं ते तणच. या गवतांबद्दल तिथे म्हणतात की ती पहिल्या वर्षी झोपतात, दुसऱ्या वर्षी रांगतात, तिसऱ्या वर्षी उडी घेतात. एकदा लागली की पुढची कामं थोडी, पण अटी कडक. कॅन्ससमध्ये १५ एप्रिल ते १५ जुलै हा घरटी घालण्याचा काळ, तेव्हा कापणी बंद. कराराच्या मध्यावर एकदा गवत जाळायचं किंवा वरवर फाळायचं, नाहीतर ते दाट होऊन पिलांना चालता येत नाही. दुष्काळ जाहीर झाला तर गुरं सोडायला किंवा गवत कापायला परवानगी मिळते, आणि अशा वर्षी शेजारच्या गुरंवाल्यांच्या नजरा याच शेतांवर असतात.

पैसा तोच, अटी साधारण त्याच, पण बी वेगळं पडलं तर काय होतं, याचा मोठा धडा 'लेसर प्रेअरी चिकन' या माळरानी पक्ष्यानं दिला. कॅन्ससनं पहिल्यापासून मूळच्या गवतांच्या मिश्रणाचा आग्रह धरला. टेक्सास आणि ओक्लाहोमात बरीचशी जमीन स्वस्त, लवकर लागणाऱ्या परदेशी गवतांखाली गेली: आशिया-युरोपातून आणलेलं ब्लूस्टेम, आफ्रिकेतलं लव्हग्रास, तेही एकाच जातीचं, सलग. माती दोन्हीकडे थांबली. पण कॅन्ससमध्ये हा पक्षी आर्कान्सा नदीच्या उत्तरेला, जिथून तो दिसेनासा झाला होता त्या भागात, सीआरपीच्या गवतातून पसरत गेला. परदेशी गवताच्या सलग पट्ट्यांनी त्याला तसा आसरा दिला नाही. उत्तरेत डकोटांच्या पाणथळ प्रदेशात याच योजनेमुळे वर्षाला सुमारे २० लाख बदकांची भर पडली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. शिकारी आणि पक्षीप्रेमी दोघंही यावर खूश. अमेरिकेत हे दोघं कधी कधी एकच असतात.

मातीच्या बाजूचा आकडाही लहान नाही. १९८२ ते २००७ या काळात अमेरिकेतल्या पिकाखालच्या जमिनीची धूप सुमारे ४३ टक्क्यांनी घटली. यात सीआरपीचा वाटा मोठा, पण कमी नांगरण्याची पद्धत आणि ती 'छडी' यांचाही हात आहे.

२००७ मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलचा कायदा आला. मक्याचा भाव बुशेलला दोन-अडीच डॉलरवरून चढत २०१२ च्या दुष्काळात सातच्या पार गेला. ज्यांची मुदत संपली त्यांनी भाड्याचा हिशेब केला आणि नांगर काढला. २००६ ते २०११ या पाच वर्षांत दोन्ही डकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा आणि आयोवा या पट्ट्यात १३ लाख एकरांहून अधिक गवताळ जमीन मका-सोयाबीनखाली गेली. २०१४ च्या कायद्यानं सीआरपीची कमाल मर्यादाच २ कोटी ४० लाख एकरांवर आणली. ज्या शेतात गवत रुजायला तीन वर्षं आणि मातीत पुन्हा जीव यायला कित्येक वर्षं लागली, ते एका दुपारी उलटलं. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. त्यानं करार पाळला होता. पक्षी, माती, पाणी यांना करारात मुदत ठरवून देता येत नाही, एवढीच अडचण.

गवतामुळे गावं ओस पडतात, ही तक्रार तर सुरुवातीपासूनची. एका परगण्यातली चौथाई पिकाऊ जमीन गवतात गेली, की बियाणं-खतवाल्याचा, ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याचा, धान्याच्या कोठाराचा चौथाई धंदा जातो. म्हणूनच कायद्यात २५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. नव्यानं शेती करू पाहणारी तरुण मुलं म्हणतात, की आम्ही जमीन कसायला घ्यायला जातो, तर समोर बोली लावायला सरकार उभं. वयस्क मालकाला गवताचं भाडं पेन्शनसारखं येतं आणि तो निवांत शहरात राहतो. शिवाय एकीकडे गवत लावलं की दुसरीकडे नवी जमीन फुटते. अर्थशास्त्रज्ञ जुन्जिए वू यांनी २००० साली केलेल्या हिशेबानुसार अमेरिकेच्या मध्य भागात सीआरपीत गेलेल्या दर १०० एकरांमागे सुमारे २० एकर नवी जमीन पिकाखाली आली. या आकड्यावर वाद झाले, पण गळती आहे हे कोणी नाकारलं नाही.

आता थोडं पश्चिमेला, रँचवाल्यांच्या मुलखात. तिथलं गणित निराळं, आणि मला ते जास्त शहाणं वाटतं. सेज ग्राउझ हा कोंबडीहून मोठा, करड्या सेजब्रशच्या झुडपांत राहणारा पक्षी. वसंतात पहाटे नर ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात, छातीवरच्या पिवळ्या पिशव्या फुगवून आवाज काढत नाचतात. अकरा राज्यांत पसरलेल्या या पक्ष्याची संख्या घसरत गेली आणि २०१० मध्ये त्याला धोक्यातल्या यादीत टाकण्याची तलवार लटकली. यादीत गेला असता, तर चराईपासून तेलविहिरींपर्यंत सगळ्यावर निर्बंध आले असते. अशा वेळी काही जमीनमालक काय करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अमेरिकन खेड्यात त्यावर एक काळाकुट्ट विनोद आहे: गोळी घाला, पुरा आणि तोंड बंद ठेवा.

ते टाळायला त्याच वर्षी कृषी खात्यानं 'सेज ग्राउझ इनिशिएटिव्ह' सुरू केलं. त्यामागे एक ऐतिहासिक गंमत आहे. पश्चिमेतली बहुतेक कोरडी जमीन सरकारची, पण पाण्याकाठची ओली कुरणं खासगी, कारण एकोणिसाव्या शतकातल्या वसाहतदारांनी आधी पाणी गाठलं. उन्हाळ्यात पिलांना किडे आणि हिरवा पाला नेमका तिथेच मिळतो. म्हणजे सरकारी जमिनीवरच्या पक्ष्याचं पाळणाघर रँचवाल्याच्या अंगणात.

या योजनेत जमीन सोडायची नसते, गुरं चालूच राहतात. माळावर घुसलेली जुनिपरची झाडं तोडण्याचे पैसे मिळतात. त्यांच्यावर शिकारी पक्षी बसतात आणि ती पाणीही पितात. रँचवाल्याला त्या बदल्यात गवत वाढून मिळतं. पण मला सगळ्यात आवडतं ते कुंपणाचं काम. पहाटेच्या अंधुक उजेडात खाली उडणारे पक्षी काटेरी तारेवर आदळून मरतात. उपाय म्हणजे बोटभर लांबीचे पांढरे प्लास्टिकचे तुकडे, मधे खाच असलेले, वरच्या तारेवर टिचकन बसवायचे. वाऱ्यात हलायची गरज नाही, दिसले की पुरे. नाचाच्या जागेजवळची कुंपणं शोधून तेवढ्याच पट्ट्यात ते लावायचे. आयडाहोतल्या पाहणीत त्यामुळे अशा धडका फार कमी झाल्या. खर्च किरकोळ, आणि रँचवाल्याच्या जगण्यात ढवळाढवळ शून्य. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारनं पक्षी यादीत टाकायची गरज नसल्याचं जाहीर केलं. त्यावर राजकारण झालंच, आणि पक्ष्याची घसरण थांबली असंही म्हणता येत नाही. पण पक्षी आपल्या रानात सापडला, तर घाबरायचं कारण नाही, ही भावना तिथे रुजली. ते लहान काम नव्हे.

इथे माळढोक आठवल्याशिवाय राहत नाही. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या माळांवर १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा त्याचं क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं. त्यातली फार मोठी जमीन शेतकऱ्यांची. पुढची तीसेक वर्षं जमिनीचा व्यवहार म्हटला, बांधकाम म्हटलं, की अभयारण्याची आडकाठी. माळ राखल्याबद्दल शेतकऱ्याच्या हाती मात्र काही पडलं नाही. पक्ष्याच्या नावानं खडे फुटू लागले. अखेर क्षेत्र बाराशेच्या आसपास आणलं गेलं, आणि तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासाच झाला होता. त्याला ऊस, वीजतारा, उपसा सिंचन अशी इतर कारणंही आहेत. सगळं पाप निर्बंधांच्या माथी मारणं बरोबर नाही. पण जो पक्षी खासगी पडीक रानात आणि ज्वारीच्या शेतात वावरतो, त्याला वाचवायला जमीनमालकाशी करार करावा, हे आपल्याला सुचायला हवं होतं. कोकण किनाऱ्यावर मात्र हे सुचलं आहे. कासव किंवा देवमुशी जाळ्यात अडकली आणि मच्छीमारानं जाळं कापून ती सोडली, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात गेली काही वर्षं चालू आहे.

अमेरिकेचं सगळंच अनुकरणीय नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'इक्विप' योजनेत चालू शेतीतल्या सुधारणांना खर्चाचा हिस्सा मिळतो: ठिबक, कुंपण, आच्छादन पिकं. २००२ मध्ये तिची दारं मोठ्या पशुपालन कारखान्यांना उघडली आणि एका कराराची मर्यादा साडेचार लाख डॉलरवर नेली. हजारो डुकरांची विष्ठा साठवायच्या तलावाला करदात्याचा पैसा मिळू लागला, तोही पर्यावरणाच्या नावानं. दुसरीकडे २०१० ते २०२० या काळात अर्ज करणाऱ्यांपैकी जेमतेम ३१ टक्के शेतकऱ्यांना या योजनेत करार मिळाले. रांगेत उभे राहिलेले बाकीचे रिकाम्या हातानं परतले.

आणि ज्या शेतकऱ्याला काहीच करायचं नाही, त्याचं काय? आयोवात त्याचं उत्तर नळातून येतं. तिथल्या सपाट शेतांच्या पोटात निचऱ्याच्या नळ्यांचं जाळं आहे. त्यांतून मक्याच्या खताचं नायट्रेट थेट ओढ्यांत आणि तिथून रॅकून आणि डेस मॉइन नद्यांत उतरतं. राज्याच्या राजधानीच्या पाणीपुरवठा संस्थेनं नव्वदच्या दशकातच नायट्रेट काढायचा प्रकल्प उभारला. २०१५ मध्ये तिनं वरच्या अंगाच्या तीन परगण्यांच्या निचरा मंडळांवर खटला भरला, तो २०१७ मध्ये निकालात निघाला आणि संस्था हरली. २०२५ च्या जूनमध्ये नायट्रेट इतकं वाढलं, की शहरभर हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली. अमेरिकेचा स्वच्छ पाण्याचा कायदा कारखान्याच्या नळाला हात घालतो, शेतातून वाहून येणाऱ्या पाण्याला नाही. तिथे फक्त विनंती आणि अनुदान. ज्याचं नुकसान खालच्या गावाला आणि फायदा वरच्या शेताला, तिथे नुसत्या राजीखुशीनं भागत नाही, हे आयोवात कळून चुकलं आहे.

राजीखुशीचा सगळा डोलारा शब्दावर उभा असतो. २०२२ च्या कायद्यानं या योजनांना सुमारे साडेएकोणीस अब्ज डॉलरची ज्यादा तरतूद दिली होती. २०२५ च्या जानेवारीत नव्या सरकारनं तो पैसा रोखला. यातले बहुतेक करार आधी खर्च करा, मग परतावा घ्या, अशा पद्धतीचे असतात. कोणी कुंपण घातलं होतं, कोणी पाण्याची पाइपलाइन टाकली होती, बिलं तयार होती आणि कचेरीतली माणसंच सांगत होती की वरून काही कळत नाही. फेब्रुवारीत पहिल्यांदा सुटली ती रक्कम २ कोटी डॉलरच्या आसपास. पुढे बाकीचा बराचसा पैसाही टप्प्याटप्प्यानं मार्गी लागला. पण त्याच वर्षी खात्यातली बरीच माणसं कमी झाली. या योजनांत पैशाइतकाच महत्त्वाचा असतो तो पिकअपमधून शेतावर येणारा, गवत ओळखणारा, बापाच्या वेळचा करार आठवणारा माणूस. तो गेला की अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण कुठली धसकटं उभी ठेवायची, हे विचारायला कोणी उरत नाही.

करार संपलेल्या शेतांचं पुढे काय होतं, याकडे आता कुठे नीट पाहिलं जाऊ लागलं आहे. ज्या शेताला कुंपण आणि पाणी आहे, तिथे मालक गुरं सोडतो आणि गवत टिकतं. ज्याला ते नाही, तिथे गहू किंवा मका परत येतो, कारण दुसरा काही उपयोगच नसतो. मूळ सीआरपीचं काम नुसतं गवत उभं करण्याचं असल्यानं, बऱ्याच क्वार्टरांना पंधरा-पंधरा वर्षांत कुंपण पडलंच नाही. आता मुदत संपत आलेल्या शेतांवर तार ओढायला, विंधनविहीर घ्यायला आणि गुरांची टाकी बसवायला 'इक्विप'मधून हिस्सा मागता येतो. वयस्क मालकानं जमीन एखाद्या होतकरू शेतकऱ्याला दिली, तर २००८ पासून आणखी दोन वर्षांचं भाडंही मिळतं. मात्र त्यासाठी करार संपायच्या आधी कचेरीत अर्ज पोचावा लागतो.